हळहळ आणि हातभार

एखाद्या देशावर बलाढ्य शेजाऱ्याचं सैन्य चालून जातं, तेव्हा जगभरातल्या साध्यासुध्या माणसांना वाईट वाटतं. सकाळी चहाबरोबर पेपर उघडला की फोटो दिसतात. कोसळलेली घरं, रडणारी मुलं, डोक्यावर गाठोडं घेऊन निघालेल्या म्हाताऱ्या. आपल्या तोंडून ‘अरेरे’ निघतं. हे अरेरे खोटं नसतं. पण त्याचं पुढं काय होतं? ते कुठं जमा होतं का? त्यातून त्या लढणाऱ्या देशाला औषधाची एक बाटली तरी मिळते का? आज मला याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे.

उदाहरणासाठी मी १९३७ ते १९४१ या काळातला चीन निवडला आहे. त्याची दोन कारणं. एक म्हणजे लोकांना प्रश्न विचारून त्यांच्या मताचे आकडे काढण्याची पद्धत अमेरिकेत तेव्हा नुकतीच रुजत होती. जॉर्ज गॅलप यांनी १९३५ साली त्यासाठी संस्था काढली. त्यामुळे परक्यांच्या लढाईबद्दल लोक काय म्हणत होते, हे आपल्याला आज आकड्यांत पाहता येतं. दुसरं कारण घरगुती आहे. मी सोलापूरचा. चीनची ती लढाई आमच्या गावातून एक माणूस घेऊन गेली. त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. जपाननं १९३१ सालीच चीनचा मांचुरिया प्रांत गिळला होता. ७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि पूर्ण युद्ध पेटलं. ऑगस्टमध्ये शांघायवर बॉम्ब पडले. डिसेंबरात राजधानी नानजिंग पडली आणि तिथं जी कत्तल झाली, तिचं नाव घेतलं की चिनी माणूस आजही गप्प होतो. शांघायच्या उद्ध्वस्त रेल्वे स्टेशनात एकटं बसून रडणाऱ्या तान्ह्या बाळाचा फोटो त्या वर्षी जगभर गेला. अमेरिकेत कोट्यवधी लोकांनी तो पाहिला.

आता आकडे बघा. १९३७ च्या सप्टेंबरात गॅलपच्या माणसांनी अमेरिकनांना विचारलं, तुमची सहानुभूती कुणाकडे? जपानकडे म्हणणारे शंभरात दोन होते. चीनकडे म्हणणारे निम्म्याच्या आत. उरलेले जवळजवळ निम्मे म्हणाले, कुणाकडेच नाही. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, चीनच्या बाजूचे लोक शंभरात पाऊणशेच्या घरात गेले. जपानचे दोनाचे दोनच राहिले. म्हणजे फोटो, बातम्या, मिशनऱ्यांची पत्रं, पर्ल बक यांची चिनी शेतकऱ्यावरची कादंबरी, या सगळ्याचा परिणाम झाला होता.

एवढं वाचून कुणालाही वाटेल, वा! मग चीनला भरघोस मदत मिळाली असणार. तसं झालं नाही. कारण त्याच लोकांना दुसरा प्रश्नही विचारला गेला होता. चीनला शस्त्रं पाठवू द्यावीत का? १९३८ च्या सुरुवातीला सुमारे दोन तृतीयांश लोकांनी त्याला ‘नाही’ म्हटलं. सहानुभूती कुणाकडे, हा एक प्रश्न. त्यासाठी तुम्ही काय द्याल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर द्यायला काही खर्च येत नाही. दुसऱ्याला येतो. लोकमताबद्दल बोलताना आपण या दोन प्रश्नांची गल्लत करतो आणि मग ‘जग सोबत आहे’ असं म्हणत बसतो.

अमेरिकन माणूस दुष्ट होता म्हणून त्यानं नाही म्हटलं, असं समजू नका. पहिल्या महायुद्धात त्यांची लाखावर पोरं मेली होती आणि त्यातून काय साधलं, हे कुणाला सांगता येत नव्हतं. त्यानंतर मंदी आली. घरोघरी बेकारी होती. परक्यांच्या भांडणात पडायचं नाही, म्हणून त्यांच्या संसदेनं १९३५ पासून तटस्थतेचे कायदे केले. १९३८ च्या जानेवारीत तर असा ठराव पुढं आला की, हल्ला झाल्याखेरीज युद्ध पुकारायचं असेल तर आधी सगळ्या जनतेचं मतदान घ्यावं. तो ठराव चर्चेला घ्यायचा की नाही, यावर २०९ विरुद्ध १८८ मतं पडली. अकरा जणांनी बाजू बदलली असती, तर तो चर्चेला आला असता.

पण या चित्राला दुसरी बाजू होती आणि ती फार अवघड होती. जपानची विमानं अमेरिकेच्या तेलावर उडत होती. जपानच्या भट्ट्यांत अमेरिकेचं भंगार लोखंड वितळत होतं. मोडक्या मोटारी, जुने रूळ, गंजलेले पत्रे जहाजं भरभरून जपानला जात होते. ज्या बाळाचा फोटो पाहून न्यूयॉर्कमधली आई रडली, त्या बाळावर पडलेल्या बॉम्बमध्ये तिच्याच नवऱ्यानं विकलेल्या जुन्या गाडीचं लोखंड असू शकत होतं. व्यापारी म्हणत होते, आम्ही कायद्यानं धंदा करतो. ते खरंही होतं.

इथं काही लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. १९३८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत एक समिती निघाली. ‘जपानच्या आक्रमणात भागीदारी नको’ अशा अर्थाचं तिचं नाव होतं. माजी परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिम्सन तिचे मानद अध्यक्ष झाले. त्यांनी प्रश्नच बदलला. चीनसाठी लढायला चला, असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, निदान मारणाऱ्याच्या हातात दगड देणं तरी थांबवा. पहिल्या मागणीत पोरगं रणात पाठवायची भीती होती. दुसरीत फक्त थोडा धंदा सोडायचा होता. लोकांना ही किंमत परवडणारी वाटली. १९३९ च्या उन्हाळ्यापर्यंत जपानला युद्धसाहित्य विकू नये म्हणणारे लोक चारात तीन झाले.

या मताचं रूप रस्त्यावरही दिसत होतं. जपानचं परकीय चलन रेशमातून येई आणि अमेरिकन बायकांचे लांब पायमोजे त्या रेशमाचे असत. अनेक तरुणींनी रेशमी मोजे सोडून सुती घातले. फॅशनच्या देशात ही लहान गोष्ट नव्हती. १९३८ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत एका ग्रीक जहाजात जपानसाठी भंगार भरायचं होतं. तिथल्या चिनी वस्तीतले लोक, बायका-पोरांसकट, फलक घेऊन धक्क्यावर उभे राहिले. गोदी कामगारांनी त्यांची रांग ओलांडायला नकार दिला. काही दिवस काम ठप्प झालं.

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बला इथं तर त्याच सुमारास कामगारांनी याहून मोठी किंमत मोजली. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांनी ‘डॅलफ्रॅम’ नावाच्या जहाजात जपानला जाणारं कच्चं लोखंड चढवायला नकार दिला. हेच लोखंड आज चीनवर पडेल आणि उद्या आपल्यावर, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकार त्यांच्या विरोधात होतं. कंपनीनं कारखाना बंद केला आणि हजारो कामगार घरी बसले. सुमारे दहा आठवडे हे चाललं. गिरणीच्या गावात वाढलेल्या माणसाला दहा आठवडे पगार नसणं म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. वाण्याची उधारी आधी बंद होते, मग शाळेची फी राहते, मग भांडी निघतात. शेवटी जानेवारीत त्यांना तो माल चढवावाच लागला. हिशेबाच्या वहीत ते हरले. पण तेव्हाचे मंत्री रॉबर्ट मेन्झीस पुढं पंतप्रधान झाले, तरी त्यांना चिकटलेलं ‘पिग आयर्न बॉब’ हे नाव सुटलं नाही. लोक विसरले नाहीत.

मग सरकारं हलली का? हलली, पण सावकाश. जुलै १९३९ मध्ये अमेरिकेनं जपानशी असलेला जुना व्यापारी करार संपवण्याची नोटीस दिली. १९४० च्या जुलैत विमानाचं पेट्रोल आणि चांगल्या प्रतीचं भंगार यांवर बंधनं आली. त्याच वर्षी सप्टेंबरात जपाननं उत्तर इंडोचायनात पाय ठेवला आणि जर्मनी-इटलीशी करार केला. तेव्हा सगळंच भंगार थांबलं. ऑगस्ट १९४१ मध्ये तेल बंद झालं. हे सारं केवळ लोकमतानं झालं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. सरकारचे स्वतःचे हिशेब होते. मी एवढंच म्हणेन, दार सरकारनं उघडलं, पण कडी लोकांनी आधी काढून ठेवली होती.

जे लोक अशा बंदीला विरोध करत होते, त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. ते म्हणत, तेल तोडलं तर जपान आपल्यावर उलटेल. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर जपानी विमानं आली. म्हणजे त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती. दुसऱ्याला मदत करण्यात धोका असतो. ‘काही होणार नाही, द्या मदत’ असं जो सांगतो, तो लोकांना फसवतो. धोका आहे, तरीही करू या, असं म्हणणारं मतच टिकतं.

आता आपल्याकडे येऊ. आपण तेव्हा गुलाम होतो. ना परराष्ट्र खातं आपलं, ना बंदर आपलं, ना तिजोरी. इंग्रजांनी तर १९४० च्या जुलैत जपानच्या दबावाखाली ब्रह्मदेशातून चीनला माल नेणारा रस्ता तीन महिने बंद ठेवला. अशा देशातल्या लोकमताला काय अर्थ? आपल्याकडे गॅलप नव्हते. पण मत मोजायची आपली जुनी पद्धत होती. वर्गणीची पेटी.

चीनचे सेनानी जू द यांनी १९३७ च्या नोव्हेंबरात पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. त्याआधीच काँग्रेसनं जपानी माल वापरू नका, असं आवाहन केलं होतं. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी ७ ते ९ जुलै हे दिवस चीनच्या निधीसाठी ठरवले. रस्त्यारस्त्यांवर पेट्या फिरल्या. जमले २२,००० रुपये. एवढ्या मोठ्या देशात २२,००० म्हणजे काही डोळे दिपवणारी रक्कम नव्हे. पण ती ज्यांनी दिली, त्यांच्या स्वतःच्या अंगावर धड कपडा नव्हता, हे लक्षात घ्या.

त्या निधीतून पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोलकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून त्यांचं जहाज सुटलं. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते. चीनमध्ये असतानाच त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. ते परतले नाहीत. इतर चौघे पुढं एकेक करून मायदेशी आले. कोटणीस माओंच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, चिनी शिकले, कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्या परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनह्वा ठेवलं. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, कोटणीस तिथंच वारले. पुढं ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी चित्रपट काढला, म्हणून ते नाव घरोघरी पोचलं.

या पथकाला एक पूर्वज होता, तो फारसा कुणी सांगत नाही. १९१२ मध्ये बाल्कन युद्धात तुर्कस्तान सापडलं, तेव्हा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी भारतातून वैद्यकीय पथक घेऊन तिकडं गेले होते. हेच अन्सारी पुढं १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्या पथकासाठी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून चंदा जमला. तुर्क हे धर्मबांधव, त्यांच्या खलिफाचं राज्य, म्हणून मुसलमानांचं काळीज हललं. त्यात गैर काही नाही. आपल्या माणसासाठी आधी जीव तुटतो. माझे अब्बा गिरणीत कामाला होते. जुम्म्याच्या नमाजनंतर दूरदेशच्या कुणा संकटग्रस्तांसाठी चादर पसरली की त्यांचा हात खिशात जायचा. रक्कम बघण्यासारखी नसे, पण हात जायचा.

कोटणीसांचं पथक मला त्यापुढचं पाऊल वाटतं. चीनशी आपलं धर्माचं नातं नव्हतं, भाषेचं नव्हतं, सोयरिकीचं नव्हतं. तरी पेटी फिरली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मला याचा उलटा अनुभव येतो. मुस्लिम देशात कुठं युद्ध झालं की कविसंमेलनात लोक माझ्याकडे बघतात. ‘तुम्ही यावर लिहिलं असेलच’ असं म्हणतात. युक्रेनच्या वेळी मात्र मला कुणी विचारलं नाही. जणू माझ्या दुःखाची हद्द कुणीतरी आखून दिली आहे. मला वाटतं, लोकमताची खरी परीक्षा तिथंच होते. मार खाणारा आपला नसताना आपण काय म्हणतो?

या गोष्टीत गुंता आहे, तोही लपवू नये. ज्या सुभाषबाबूंनी १९३८ मध्ये जपानच्या आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनसाठी डॉक्टर पाठवले, त्यांनीच १९४३ मध्ये इंग्रजांविरुद्ध जपानची मदत घेतली. बुडणारा माणूस दोर कुणी टाकला, हे आधी पाहत नाही. चीनच्या बाबतीतही तसंच. १९३७ नंतर त्यांना सर्वांत जास्त विमानं आणि वैमानिक दिले ते स्टॅलिनच्या रशियानं, स्वतःच्या सरहद्दीचा विचार करून. तिथं कुणी जनतेला विचारलं नव्हतं. एप्रिल १९४१ मध्ये रशियानं जपानशी तटस्थतेचा करार केला आणि तो ओघ आटला. सरकारची मदत मोठी असते, पण हिशेब बदलला की थांबते. लोकांची मदत छोटी असते, पण तिला कधी कधी कोटणीसांसारखं माणूस मिळतं.

आणि १९६२? त्याच चीननं आपल्यावर हल्ला केला, मग कोटणीस फुकट गेले का, असं मला विचारतात. मी म्हणतो, त्यांनी कर्ज दिलं नव्हतं. जखमी शिपायाचा पाय कापताना त्यांनी पुढच्या वीस वर्षांचा करार केला नव्हता. मदत त्या वेळच्या त्या माणसाला असते. तिची परतफेड मागत बसलो, तर कुणी कुणाला पाणी पाजणार नाही.

आता अलीकडचं पाहा. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं. पोलंडमध्ये लोकांनी निर्वासितांना स्वतःच्या घरात जागा दिली. अमेरिकेत प्यू या संस्थेनं मार्च २०२२ मध्ये विचारलं, तेव्हा ‘आपण युक्रेनला फार जास्त मदत देतोय’ म्हणणारे शंभरात सात होते. २०२३ च्या अखेरीस ते एकतीस झाले. युद्ध तेच, हल्लेखोर तोच, मरणारे तेच. फक्त बिल येऊ लागलं होतं आणि फोटोंची सवय झाली होती. लोकमत थकतं. ते थकणार, हे हल्ला करणाऱ्याला ठाऊक असतं. तो त्याचीच वाट पाहतो.

आपल्या देशानं संयुक्त राष्ट्रांत २ मार्च २०२२ च्या ठरावावर मत दिलं नाही, तटस्थ राहिला. युद्धाआधी आपल्या आयातीत रशियाचं तेल नाममात्र होतं. २०२३ मध्ये ते एक तृतीयांशाच्या वर गेलं, कारण ते स्वस्त मिळत होतं. गरीब देशाला स्वस्त तेल नको का, हा सवाल खोटा नाही. रिक्षावाल्याला, शेतकऱ्याला तो विचारून पाहा. पण अमेरिकेतल्या भंगारवाल्यांचा सवालही असाच होता. युक्रेनचा फोटो पाहून हळहळणाऱ्या आपणा सर्वांना या सवालाचं उत्तर स्वतःशी तरी द्यावं लागेल. मी कुणाला काय ठरवायचं ते सांगत नाही. फक्त आपण ठरवतोय, हे लक्षात असू द्या. न ठरवणं हेही एक मत असतं आणि त्याचाही हिशेब कुठंतरी लागतो.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कुणी सांगितलं की अमक्या देशाला साऱ्या जगाचा पाठिंबा आहे, तर दोन गोष्टी विचारा. हा पाठिंबा देणारे काय सोडायला तयार आहेत? आणि दोन वर्षांनी ते सोडायला तयार असतील का? सुती मोजे, दहा आठवड्यांचा पगार, पेटीतला आणा, तरुण डॉक्टरची उमेदीची वर्षं. किंमत लहान असो वा मोठी, ज्यांनी ती मोजली, त्यांच्याच मताला त्या लढणाऱ्या माणसांपर्यंत पोचता आलं. बाकीची हळहळ चहाबरोबर संपली.